“दहा कोंबड्यांचं” तयार खुराडं : वर्षभर वापरून झाल्यावर

खुराड्याची मापं आधी सांगते. मी शिवणकाम करते, टेप दिवसभर गळ्यात असते, त्यामुळे टेम्पोतून उतरवल्या उतरवल्या ते मोजून घेतलं. लांबी चार फूट, रुंदी तीन फूट. पाय दोन फुटांचे, वरचा पिंजरा अडीच फूट उंच, त्यावर मागच्या बाजूला उतरता पत्रा. सांगाडा लोखंडी अँगलचा, हिरवं पावडर कोटिंग, चारी बाजूंनी जाळी आणि तळालाही जाळीच. एका अंगाला अंडी घालायला दोन खणांचं खोकं. किंमत ९,२०० रुपये, टेम्पोचे ८०० वेगळे. विकणाऱ्याने “दहा कोंबड्यांचं” म्हणून दिलं.

याच बनावटीचं खुराडं आता बऱ्याच ठिकाणी विकायला दिसतं, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांच्या परसात पहिल्यांदाच कोंबड्या येणार आहेत त्यांनी तर जरूर वाचा, कारण माझी एक कोंबडी या खुराड्यात असतानाच गेली.

आमचं घर देवरूखला. मागे परसू आहे, भोवती चिऱ्याचा गडगा, दोन माड, केळी, अळू आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ. माझं मशीन मागच्या खिडकीत, त्यामुळे काम करताना परसू सगळं डोळ्यांपुढे. सासूबाईंच्या उमेदीच्या काळात घरात कोंबड्या होत्या, मी मात्र कधी पाळल्या नव्हत्या. ऑक्टोबर २०२४मध्ये चौदा आठवड्यांच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, घेतल्या, एकेक ३५० रुपयांना, “अस्सल गावरान” म्हणून. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, “ताई, ही ग्रामप्रिया आहे.” हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच तयार केलेली ही जात. कोंबडी चांगलीच आहे, माझी जातीबद्दल काही तक्रार नाही. पण गावरान म्हणून घेणाऱ्याने एवढं समजून घ्यावं की ही अंडी जास्त देते आणि गावरान कोंबडीसारखी सहजासहजी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. पुढे घरीच पिल्लं काढायची असतील तर शेजारची एखादी गावरान खुडूक कोंबडी मागून आणावी लागेल.

डॉक्टरांनीच सांगितलं, मोठ्या कोंबडीला आत दोन चौरस फूट जागा धरा. चार गुणिले तीन म्हणजे बारा चौरस फूट. म्हणजे हे खुराडं सहा कोंबड्यांचं आहे, दहांचं नाही. दहा घातल्या तर एकमेकींची पिसं उपटतात, टोचून रक्त काढतात. विकणाऱ्याचा दहाचा हिशोब बहुतेक पिल्लांवरून केलेला असावा.

आता मुख्य दोष. पिंजऱ्यात बसायला दांडी नाही. नुसता मोकळा खोका आणि खाली जाळी. जाळीचं भोक दीड इंच बाय तीन इंच. विष्ठा खाली पडावी म्हणून ते एवढं ठेवलंय, असं मला सांगितलं होतं आणि मला ते पटलंही होतं. रोज झाडायला नको, स्वच्छता राहते. पहिले पाच आठवडे सगळं छान चाललं होतं. मुलीने सहाही जणींना नावं ठेवली होती. मानेवर पांढरे टिपके असलेली ती ठिपकी, सगळ्यांत धीट, माझ्या मशीनच्या खिडकीखाली येऊन चोचीने भिंत टोकरायची.

नोव्हेंबरातल्या एका रात्री तीनच्या सुमारास मागे मोठा गलका झाला. बॅटरी घेऊन आम्ही दोघं धावलो. खुराड्याखाली दोन डोळे चमकले आणि एक रानमांजर गडग्यावरून उडी मारून गेलं. दार बंदच होतं, कडी जागेवर, जाळी कुठे फाटली नव्हती. मला क्षणभर वाटलं, वाचल्या सगळ्या. मग बघितलं तर पाच जणी एका कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या आणि ठिपकी तळावर पसरलेली. तिचा एक पाय मांडीपर्यंत जाळीच्या भोकातून खाली ओढला गेलेला. मी तो हाताने वर घेतला तेव्हा तिने मान उचलून माझ्याकडे बघितलं. हळद लावली, फडक्यात गुंडाळून घरात आणली, पण उजाडायच्या आत गेली.

सकाळी मी खुराड्याखाली उताणी झोपून वर बघितलं. रानमांजराला काय दिसलं असेल ते तेव्हा कळलं. कोंबडी जाळीवर बसली की तिचं पोट आणि पाय जाळीला टेकतात, बोटं भोकांतून खाली येतात. पाय दोन फूट उंच असल्यामुळे खाली उभं राहायला भरपूर जागा. पंजा वर घातला की झालं. दांडी असती तर सगळ्या रात्री वर बसल्या असत्या आणि पंजा त्यांच्यापर्यंत पोचलाच नसता. रात्री उंचावर बसणं हा कोंबडीचा मूळ स्वभाव. उंच जागा नसली तर ती नाइलाजाने तळावर बसते, आणि अंधारात तिला धड दिसत नसल्याने हलतही नाही. हे करणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. मला माहीत नव्हतं, मी नवीन होते. खुराडी करून विकणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याने दहा हजारांच्या वस्तूत दीडशे रुपयांची दांडी घालू नये याचा मला आजही राग येतो.

रानमांजरावर राग नाही. ते त्याच्या पोटासाठी आलं होतं, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि आमच्या मागे जंगल आहे म्हणूनच ते आहे. वाडीत कोणी कोणी विष घालायचा सल्ला दिला. तसलं काही करू नका, ते कुत्र्यामांजरांच्या पोटात जातं. दुरुस्ती खुराड्यात करायची.

सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या, “अगं, आम्ही रात्री कोंबड्या पडवीत डालग्याखाली झाकायचो आणि वर पाटा ठेवायचो. खालून जमीन, वरून पाटा. येणार कुठून?” मला ते बरोबर वाटलं. कोंबडीच्या खाली भक्कम काहीतरी हवं.

त्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात हे बदल केले. तळाच्या जाळीवर आतून अर्ध्या इंची वेल्डेड जाळी टाकली, बाजूंनाही खालून दीड फुटापर्यंत तीच, बाइंडिंगच्या तारेने प्रत्येक चार इंचांवर टाका घालून. षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त मिळते, ती घेऊ नका. कोंबडी आत राहील, पण बाहेरच्याला अडवण्याइतकी ती मजबूत नसते. तळाच्या जाळीवर पत्र्याचा ट्रे आणि त्यात भाताचं तूस. उघड्या तारेवर सतत उभं राहून कोंबडीच्या तळपायाला गाठ धरते, गळू होतं, तोही त्रास तुसाने वाचला. आणि दांड्या दोन, फणसाच्या फळीच्या, दोन इंच रुंद, कडा पॉलिशपेपरने गोल केलेल्या, तळापासून दीड फुटावर. रुंद बाजू वर ठेवायची, म्हणजे कोंबडी बसल्यावर तिची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. एका कोंबडीला आठ ते दहा इंच लागतात. पहिल्या दोन संध्याकाळी पाचही जणींना हाताने उचलून दांडीवर ठेवलं, तिसऱ्या दिवसापासून बऱ्याचशा आपण होऊन चढायला लागल्या. या सगळ्याला २,६०० रुपये लागले. तेव्हा खुराड्याची खरी किंमत तुम्ही माझ्यासारखं १२,६०० धरा.

कडी एकच आहे आणि ती नुसती फिरवायची. दाराला दोन कड्या हव्यात, एक वर आणि एक खाली, नाहीतर दाराचा खालचा कोपरा बोटभर वाकतो. मी बाजारातून खटक्याची कडी आणून खाली बसवली. विकणाऱ्याला फोन करून हे सगळं सांगितलं, तेव्हा तो ऐकून घेत होता, पण “आमच्याकडे अशी तक्रार कधी आली नाही” यापुढे काही बोलला नाही.

चांगलं जे आहे ते मनापासून चांगलं आहे. दार पूर्ण रुंदीचं आहे, माझा हात प्रत्येक कोपऱ्यात पोचतो. आजारी कोंबडी धरायची असेल किंवा तूस बदलायचं असेल तेव्हा याची किंमत कळते. एका कोकणी पावसाळ्यानंतरही रंग फक्त वेल्डिंगच्या जोडांवर सुटलाय, बाकी गंज नाही. अंड्याच्या खोक्याचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता आहे, अंडं घातलं की घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येतं. स्वच्छ राहतं, कोंबडीच्या पायाखाली फुटत नाही. फक्त पन्हळीची कड उघडी, त्यावर आपटून पहिल्या महिन्यात चार अंडी तडकली. मी रेक्झिनची पट्टी दुमडून शिवून तिथे बसवली, त्यानंतर एकही नाही.

पहिलं अंडं ११ डिसेंबरला मिळालं, चोवीस आठवडे भरत आले होते. दुसरं मिळालं ते बिनकवचाचं, नुसत्या पापुद्र्यात, हातात घेतलं तर मऊ. तोपर्यंत मी वाढीचंच खाद्य घालत होते. अंड्यावर आलेल्या कोंबडीला चुना जास्त लागतो, म्हणून लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, सुरू केलं आणि एका वाटीत वेगळी शिंपल्यांची चुरी. खायला तिसऱ्या (शिंपल्यांतली मासळी) आणल्या की त्यांचे शिंपले धुवून, चुलीत भाजून, खलबत्त्यात कुटते. जिला हवी ती खाते, मिसळायची गरज नाही. आठवडाभरात कवचं कडक झाली. एका कोंबडीला दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य लागतं. पावसाळ्यात पन्नास किलोची गोणी आणू नका, शेवटी शेवटी तिला बुरशी येते आणि ती कोंबडीला बाधते.

अंडी मी मापांच्या वहीतच मागच्या पानावर मांडते. जानेवारीत पाच जणींची ९४, जुलैत ६१. ऑक्टोबरात पिसं गाळायला लागल्या तेव्हा तीन आठवडे एकही नाही. घाबरू नका, नवीन पिसं आली की परत सुरू होतात.

पावसाळ्यात पत्र्याचा दोष दिसला. बाहेर आलेली वळचण जेमतेम दोन इंच. आमच्याकडे जुलैत पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो, पहिल्याच झडीत अर्धं तूस भिजलं. मी ताडपत्रीचे पडदे शिवले, वर पितळी रिंगा, पश्चिमेचा आणि दक्षिणेचा लावलेला, पूर्वेची बाजू कायम उघडी. चारी बाजू बंद केल्या तर आत वाफ धरते. ओल्या विष्ठेचा वास कोंबडीला किती त्रास देतो ते उभ्याने कळत नाही. खाली बसायचं, तोंड दांडीच्या उंचीवर न्यायचं आणि श्वास घ्यायचा. आपले डोळे चुरचुरले तर त्यांचे रात्रभर चुरचुरत असतात. तसं झालं की त्याच दिवशी तूस बदलते. काढलेलं तूस तीन महिने खड्ड्यात मुरवून मग माडांना. ताजं घातलं तर मुळं जळतात.

तलंगा देणाऱ्याबद्दल एक गोष्ट राहिली. “सगळ्या लसी झाल्यात” असं तोंडी सांगितलं, तारखांचा कागद दिला नाही. डॉक्टरांनी आठव्या आठवड्याची राणीखेतची लस कधी दिली विचारलं, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राणीखेत म्हणजे ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, एकदा शिरली की वाडीतली खुराडी रिकामी करते. लस परत द्यायची ठरली. आम्हाला मिळाली ती कुपी शंभर मात्रांची, बर्फावर आणायची आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. पाच कोंबड्यांसाठी शंभर मात्रा फोडायच्या? मग मी घरोघरी सांगून आले आणि रविवारी सकाळी आमच्या परसात वाडीतल्या ६३ कोंबड्या जमल्या, कोणाच्या डालग्यात, कोणाच्या पिशवीत, एक तर शाळेच्या दप्तरात. तलंगा घेताना लसीच्या तारखा लिहूनच मागा. दिल्या नाहीत तर दुसरीकडे बघा.

हेच खुराडं परत घ्याल का, असं एका गिऱ्हाइकाने ब्लाउज न्यायला आल्यावर विचारलं. घेईन, सांगाडा आणि दार उत्तम आहे. पण आगाऊ पैसे देण्याआधी दांड्या, अर्ध्या इंची जाळी, दुसरी कडी आणि फूटभर वळचण करून मागेन, आणि सहाच कोंबड्या ठेवेन. पाचांतले साडेतीन तारे, तेही दुरुस्ती करून झाल्यावरचे.

सध्या चार जणी अंधार पडायच्या आत दांडीवर जाऊन बसतात. पाचवी, तुरेवाली, अजून अंड्याच्या खोक्यात शिरते. तिथे झोपली की खोकं घाण होतं आणि सकाळची अंडी लडबडतात, म्हणून रोज सातच्या सुमारास मी मशीन बंद करून जाते, तिला दोन्ही हातांनी उचलून बाकीच्यांच्या मध्ये ठेवते आणि दोन्ही कड्या लावून येते.