मॅन पेजेस: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब मी बघतो. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पावसाळ्याआधी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार, विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं आणि तेव्हापासून अडलं की आधी मॅन पेज, म्हणजे 'मॅन' आणि पुढे कमांडचं नाव लिहून उघडणारं त्या कमांडचं माहितीपान, उघडतो. नेट नसलं तरी ती मशीनमध्येच असतात, हा फायदा आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडे प्रोग्रॅमची जी आवृत्ती आहे, तिचीच माहिती तिथे मिळते. नेटवरचा उपाय कुठल्या आवृत्तीचा, हे बऱ्याचदा कळतच नाही.

कमांडचं नावच माहीत नसेल तर 'मॅन -के' आणि पुढे इंग्रजी शब्द. हा शोध फक्त नावात आणि एका ओळीच्या वर्णनात चालतो. म्हणून 'बॅकअप'ने भागलं नाही तर 'कॉपी', 'सिंक', 'आर्काइव्ह' असे शब्द बदलून बघायचे. बरेच जण एवढं न करताच मॅन पेजला नावं ठेवतात, ते मला पटत नाही.

यादीत नावापुढे कंसात आकडा दिसतो, तो बघाच. १ म्हणजे नेहमीच्या कमांड, ५ म्हणजे फाइलींची रचना, ८ म्हणजे सिस्टिम सांभाळायच्या कमांड. रोज रात्री हिशेबाची कॉपी आपोआप व्हावी म्हणून 'मॅन क्रॉनटॅब' (क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांची यादी) उघडलं, तर त्यात फक्त कमांड कशी चालवायची ते होतं. वेळ कशी लिहायची ते 'मॅन ५ क्रॉनटॅब'मध्ये. तिथलं एक वाक्य फार मोलाचं आहे: तारीख आणि वार दोन्ही दिले, तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी काम चालतं. म्हणजे '१ तारीख' आणि 'सोमवार' लिहिलं तर दर सोमवारीही चालणार. असं बारीक आणि नेमकं मला दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळालं.

फाइलींची कॉपी करणाऱ्या आरसिंक या कमांडचं पान लांबलचक आहे, पण तिरकी रेघ टाकून शब्द शोधायचा आणि 'एन' दाबत पुढे जायचं. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो, हे तिथे स्वच्छ लिहिलंय. '-एन' दिलं की काहीही न बदलता काय होणार ते दिसतं. मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली कॉपीतूनही काढून टाकणारं '--डिलीट' वापरण्याआधी हे करून बघाच.

१९७१ साली बेल लॅब्जमध्ये थॉम्पसन आणि रिची यांनी युनिक्सचं (लिनक्स ज्या धर्तीवर बनलं ती जुनी सिस्टिम) पहिलं मॅन्युअल काढलं, त्यातही 'बग्ज' म्हणजे चुका-उणिवांचा भाग होता. आपल्या प्रोग्रॅममधल्या उणिवा स्वतःच छापायची ही पद्धत आजही अनेक पानांवर दिसते. मला तिचा मनापासून आदर वाटतो.

उणीव म्हणाल तर उदाहरणं फार कमी. शिकण्यासाठी ही पानं नाहीतच, विचारायचं काय ते ठाऊक असलेल्यासाठी आहेत. शिवाय फोल्डर बदलायच्या 'सीडी'सारख्या, बॅशच्या (आपण लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःच्या कमांडना 'मॅन' नव्हे, 'हेल्प सीडी' लागतं. उदाहरणं हवीच असतील तर 'यूएसआर'मधल्या 'शेअर'मधलं 'डॉक' फोल्डर उघडा. काही पॅकेजांनी नमुन्याच्या फाइली तिथे ठेवलेल्या असतात.