थेंबाला 600 रुपये

गुडघ्यातून काढलेल्या 'पू'चे 137 थेंब, थेंबाला 600. एकूण 82,200 रुपये. आणि ते दिले 29 वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवलेल्या बाईने. हसा खुशाल.

बेळगावात गणपत गल्लीत बाजार करून निघाले होते. एक चांगल्या घरची वाटणारी बाई जवळ आली. "गुडघं दुखतंय न्हवं मावशी? आमच्या सासूचं असंच होतं बगा." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तिने 'वैद्या'चा नंबर दिला, दुसऱ्या दिवशी 'वैद्य' आणि त्याचा जोडीदार दारात.

"आत पू साठलाय." ब्लेडने बारीक चिरा, पितळी तुंबडी, तोंडाने ओढायचं, ताटलीत पिवळा थेंब. मोजायला मलाच बसवलं! दर वेळी ओढण्याआधी तो तुंबडीत चिमूटभर पूड टाकत होता. माझ्या डोळ्यांदेखत. चिरेतून रक्त लाल, ताटलीत थेंब पिवळा, पू म्हणावा तर वास नाही. फळ्यावर गुडघ्याचा सांधा शंभरदा काढलेली मी गप मोजत राहिले. पण चार वर्षं जिना चढवत नाही, कूस बदलताना जीव जातो, त्या माणसाला कुणी "निघालं सगळं" म्हटलं की डोकं चालत नाही हो. 40,000 रोख, 42,200 फोनवरून. तुंबडी लावली मला, भरली त्यांची.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजलीय, पू नाहीच. सांध्यात खरंच पू झाला तर बहुतेकदा ताप येतो, पाय टेकवत नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. वर त्या ब्लेडपायी हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या मागे लागल्या.

पोलिसांत गेले. "पैसे तुम्हीच दिलासा की." मग हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात त्यांनीच कानडीत अर्ज लिहिला. मी कानडी बोलते, सरकारी कानडी भराभर वाचता येत नाही, सही केली. घरी शेजाऱ्याने वाचला तर 'औषधाचा गुण आला नाही' एवढंच! संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून त्या 'वैद्या'चं पत्रक पुढे केलं. "आरोग्य खात्याकडं द्या." आरोग्य खातं म्हणे पोलिसांकडे. खानापूरहून तीन फेऱ्या, याच गुडघ्यावर.

फोनवरून पैसे गेले असतील तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी लाजेपायी चौथ्या दिवशी लावला, तोवर खातं रिकामं. घरी आलेल्याला ब्लेड काढू देऊ नका. आणि असले 'वैद्य' पोटात घ्यायला देतात त्या पुड्या! अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडतात. महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

खुर्चीत बसून पाय सरळ धरायचा व्यायाम आता रोज करते. वजन तीन किलो उतरलंय, जिन्याला थोडा फरक आहे.

घरी यांना मात्र आकडा अजून 8,200च सांगितलाय.