बावीस-अडीचशेचा तक्ता दाखवून हॉर्नेट विकणारा माणूस

काटोल, कळमेश्वर, नरखेड पट्ट्यातल्या संत्रावाल्यांनो, आणि पीकसंरक्षणाचं लायसन असलेले जे कोणी असाल ते, हे वाचाच. नागपुरात एक गृहस्थ ‘लांब पल्ल्याची, एकदम सपाट मारणारी’ जुनी अमेरिकन रायफल विकत फिरतोय, तीही लायसनवर चढवून देण्यासकट. माझे त्याने साठ हजार नेले. बोलण्यावरून तो लबाड वाटत नाही, कारण जे आकडे तो दाखवतो ते खोटे नसतातच. ते दुसऱ्याच काडतुसाचे असतात: तक्ता वेगवान .२२-२५० चा, हातात येणारी रायफल कमी ताकदीच्या .२२ हॉर्नेटची.

आमची शेती काटोलच्या बाजूला, राहणं नागपुरात. बाबांची बारा बोअरची दुनाळी पुढे माझ्या लायसनवर आली. एलजीचं, म्हणजे जाड छर्ऱ्यांचं, काडतूस चाळीसेक पावलांपर्यंत कामाचं, त्यापुढे छर्रे पांगतात. डुकरं काही चाळीस पावलांवर येऊन उभी राहत नाहीत. ती नाल्याच्या पल्याड, दीड-दोनशे मीटरवर तुरीत घुसलेली असतात, आणि रोही, म्हणजे नीलगाई, त्याहून लांबून मान वर करून आपल्याकडे पाहत असतात. वनखात्याकडे रीतसर अर्ज टाकला होता. परवाना मिळालाच तर हाताशी रायफल असावी, असं धरमपेठेतल्या एका ओळखीच्या माणसाजवळ बोललो, आणि थोड्याच दिवसांत या गृहस्थाचा फोन आला.

“भाऊ, तुम्हाला फ्लॅट शूटिंग पाहिजे. काहून तीन-पंधराच्या नादी लागता? तिची गोळी म्हणजे फेकलेला धोंडा.”

यात तथ्य आहे, म्हणूनच पुढचं पटत जातं. आपल्याकडे इच्छापूरच्या कारखान्याची जी .३१५ मिळते, तिची गोळी जड आणि वेग बेताचा, सेकंदाला २२०० फुटांच्या आसपास. लांबवर ती चांगलीच खाली येते. मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक तक्ता पाठवला. .२२-२५० रेमिंग्टन, ५५ ग्रेनची (म्हणजे साडेतीन ग्रॅमची) गोळी, नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला ३६८० फूट. दोनशे यार्डांवर झिरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली, तर शंभरावर दीडेक इंच वर, तीनशेवर सहाएक इंच खाली. म्हणजे तीनशे यार्डांपर्यंत नेम फारसा हलवायची गरज नाही.

मी हे आकडे नंतर ताडून पाहिले, बरोबर आहेत. .२५० सॅव्हेज या जुन्या काडतुसाची मान आवळून त्यात .२२ ची हलकी गोळी बसवायची, हा अमेरिकेतल्या हौशी लोकांचा उद्योग होता. १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने त्याला अधिकृत रूप देऊन बाजारात आणलं. नावातला २५० तिथून आला. आमच्या गृहस्थाने मात्र मला छातीठोकपणे सांगितलं, “अडीचशे म्हणजे अडीचशे मीटर, भाऊ. तिथवर गोळी वाकतच नाही.” न वाकणारी गोळी जगात नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून प्रत्येक गोळी खाली यायला लागते. वेगवान गोळी लवकर पोचते, तिला खाली यायला वेळ कमी मिळतो, एवढंच त्या सपाटपणामागचं गुपित.

रायफल बघायला त्याने मनीषनगरकडच्या एका फ्लॅटवर बोलावलं. ‘मूळ मालक वारले, घरच्यांना काढून टाकायची आहे’ ही कथा. दिवाणावर चादर, चादरीवर रायफल, वर दुर्बीण चढवलेली. लाकूड सुरेख होतं, पॉलिश ताजं. नळीच्या मुळाशी मात्र हिरव्या-तपकिरी कापडी टेपचे दोन-तीन वेढे. विचारलं तर म्हणे, “शिकारी लोकं लावतात, उन्हात चमकू नये म्हणून.” किंमत साडेतीन लाख. दुसरं गिऱ्हाईक रायपूरहून निघालंय म्हणून टोकन आत्ताच. चाळीस हजार यूपीआयवर घेतले, खात्यावर नाव तिसऱ्याच बाईचं. वीस रोख, ‘वरच्या कामाचे’. “अंबाझरीच्या फॅक्टरीत आपला माणूस आहे, राउंडचं टेन्शनच घेऊ नका,” हेही वर. अंबाझरीला रायफलीची काडतुसं बनत नाहीत हे नागपूरच्या माणसाला माहीत असायला हवं, पण बोलण्याच्या ओघात ते वाक्य निसटून जातं. बोलायची हातोटीच तशी.

पुढच्या खेपेला मी शेजारच्या सुभेदार काकांना सोबत नेलं. फौजेतून निवृत्त, कमी बोलणारे. त्यांनी रायफलीला हात लावायच्या आधी काडतूस मागितलं. गृहस्थाने खिशातून एक काढून दिलं. काकांनी ते बोटांत फिरवलं, बुडाची कड अंगठ्याच्या नखाने चाचपली आणि पट्टी मागितली. पितळेचं नळकांडं साडेतीन सेंटीमीटरच्या जरासं वर भरलं. बुडाला बाहेर आलेली कड. .२२-२५० चं नळकांडं जवळपास पाच सेंटीमीटरचं असतं, जाडजूड, आणि त्याची बुडाची कड अंगाबाहेर येत नाही. मग काकांनी काही न विचारता तो टेप उचकटला. खाली इंग्रजीत ठसा होता: .२२ हॉर्नेट.

“अहो काका, बावीस म्हणजे बावीसच ना,” गृहस्थ हसत म्हणाला. “गोळी तर सेमच.”

गोळीची जाडी जवळपास सारखी, हे खरं. पण मागे दारू किती भरली आहे त्यावर सगळा खेळ. हॉर्नेटची ४५ ग्रेनची गोळी २७०० फुटांच्या आसपास वेगाने निघते आणि तीनशे यार्डांवर पोचेपर्यंत आवाजाच्या वेगावर येऊन ठेपते. तिला दोनशेवर झिरो केलं तर तीनशेवर ती सुमारे दोन फूट खाली लागते. कुठे सहा इंच, कुठे दोन फूट! रोह्याच्या छातीवर नेम धरायचा आणि गोळी पायाशी मातीत. साध्या .२२ लाँग रायफलची गत तर आणखी वाईट; पन्नास यार्डांवर झिरो केलेली गोळी शंभरावरच अर्ध्या फुटाच्या वर खाली येते. म्हणजे ‘टू-टू’ (.२२) एवढं ऐकून पैसे मोजायचे तर कोणत्या टू-टूचे, हे नळीवरचा ठसाच सांगतो.

बाहेर आल्यावर काका जे बोलले ते मला जास्त लागलं. म्हणाले, समजा खरीखुरी बावीस-अडीचशे मिळाली असती तरी डुकरासाठी तिचा उपयोग काय? ही सपाट, वेगवान काडतुसं अमेरिकेत घडली ती कुरणातल्या प्रेअरी डॉगसाठी, घुशीएवढ्या जनावरासाठी. फार तर कोल्ह्या-लांडग्याच्या मधल्या कायोटीसाठी. त्यांची पातळ सालाची गोळी लागल्याबरोबर फुटते, आणि ती मुद्दाम तशीच केलेली असते. ऐंशी किलोच्या डुकराच्या खांद्यावर ती वरच्या वर फुटली तर जनावर मरत नाही, जखमी होऊन तुरीत शिरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तुरीत निंदणाला बाया जाणार. लांब पल्ला आणि सपाट मार या दोन शब्दांवर विकणारा माणूस जनावर कोणतं हे एकदाही विचारत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

आणि राउंड आणणार कुठून? .३१५ आणि बारा बोअरची देशी काडतुसं दुकानात मिळतात. हॉर्नेट किंवा .२२-२५० मागून पाहा, दुकानदार तुमच्याकडेच बघत राहतो. सामान्य लायसनधारकाला परदेशातून मागवताही येत नाहीत. गृहस्थ ‘पन्नास राउंड फ्री’ देणार होता. लायसनवर नोंद नसलेले ते पन्नास राउंड घरी नेले असते तर तोच एक गुन्हा.

कागदांचं तर विचारूच नका. त्याच्याजवळ मेलेल्या मालकाच्या लायसनची झेरॉक्स होती. लायसनधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत दुकानात जमा करावं लागतं. घरच्यांनी चादरीवर मांडून विकायचं नसतं. जिवंत मालकाला आपलं हत्यार दुसऱ्या लायसनधारकाला द्यायचं असलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी लेखी कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. हा गृहस्थ आठ दिवसांत ‘चढवून’ देणार होता. नागपूर शहरात लायसनचं काम पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे. मी त्याला ‘माझं लायसन कोणत्या हद्दीतलं’ एवढंच विचारलं, तर उत्तर नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. ती रायफल मी घरी आणली असती तर विनापरवाना हत्यार बाळगणारा मी झालो असतो. मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? त्याचा धंदा यावरच चालतो. ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी सांगितलं की असे फसलेले लोक येतच नाहीत, अब्रूही जाते आणि गुन्हाही लागतो. रायफल माझ्या हातात आलेली नव्हती म्हणून मी ताठ मानेने गेलो.

वनखात्याचंही सांगून ठेवतो, कारण गृहस्थ बिनधास्त म्हणत होता, “डुकराला कोण विचारते बाप्पा.” विचारतात. रानडुक्कर आणि रोही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. पिकाची नासधूस होत असली तरी कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. पीकसंरक्षणाचं लायसन हे हत्यार ठेवण्याचं लायसन आहे, जनावर मारण्याचं नाही. नुकसानभरपाईचा पंचनामा वेगळा, तो आधी करून घ्या.

पैशाचं असं झालं: टेपखालचा ठसा दिसला त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, यूपीआयची रक्कम समोरच्या खात्यात होल्ड झाली आहे. वीस हजार रोख गेल्यात जमा. फ्लॅट भाड्याचा निघाला, फोन बंद आहे.

गृहस्थ पन्नाशीचा, विदर्भातलंच बोलणं, तक्ता मात्र सगळ्यांना एकच पाठवतो: वर ५५ ग्रेन, डावीकडे यार्ड, खाली उजव्या कोपऱ्यात पिवळा मार्कर. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो आला असेल तर डिलीट करू नका, नंबरासकट स्क्रीनशॉट काढा आणि आपल्या ठाण्यात द्या. टोकन दिलं असेल आणि हत्यार अजून ताब्यात घेतलं नसेल तर आजच जा.