कंपोस्टात बायोचार आणि हलका करंट: इंदूरच्या गच्चीवरचा अनुभव

ज्यांच्या कंपोस्टाला वास मारतो त्यांनी दुसरं काही करण्याआधी बायोचार (काडीकचरा कमी हवेत भाजून केलेला कोळसा) घालून पाहावा, हे मी आता छातीठोकपणे सांगते. उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून मग लिहिते आहे.

तो डोळ्यांना झोंबणारा वास बहुतेकदा अमोनियाचा, म्हणजे झाडांच्या वाट्याचं नत्रच उडून चाललेलं असतं. या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत ते अडकून राहतं, शिवाय ढिगात हवा खेळती राहते. आंब्याच्या दिवसांत सालींनी आमच्या ड्रमचा नुसता चिखल व्हायचा. यंदा वजनाने साधारण १० टक्के बायोचारचा चुरा मिसळला. मुठीत दाबलं की गोळा होतो, पण बोटांतून पाणी गळत नाही. शेजारच्या काकू दुपारी खिडकी लावून घ्यायच्या, आता उघडी ठेवतात.

चुरा मी घरीच करते. निमाडातल्या पऱ्हाट्या (कापसाची सुकी झाडं) आणि नारळाच्या करवंट्या डब्यात पेटवायच्या आणि राख होण्याआधी पाण्याने विझवायच्या. तुकडा हलका, बोटांत सहज चुरणारा हवा. हाताला तेलकट लागला तर भाजणं कच्चं राहिलंय. कुटायचा तो ओलाच, कोरडी पूड छातीत जाते.

आता विजेचं. चीनमधल्या संशोधकांनी ढिगात इलेक्ट्रोड (वीज सोडणाऱ्या कांड्या) खोचून २ व्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा करंट दिला, तेव्हा ढीग जास्त तापला आणि खत लवकर पिकलं. ही वीज शेगडीचं काम करत नाही. जिवाणूंना इलेक्ट्रॉनांची देवघेव सोपी होते, ऑक्सिजन जास्त वापरला जातो आणि उष्णता त्यांच्याच कामातून येते. चांगला भाजलेला बायोचार या देवघेवीला हातभार लावतो, म्हणून ही जोडी. मी एका ड्रमात ग्रॅफाइटच्या कांड्या लावल्या (लोखंड गंजतं). ओल नीट असेतो तिथला थर्मामीटर दुसऱ्या ड्रमापेक्षा थोडा वर असायचा. मे महिन्यात माल सुकला की फरक संपला. एवढ्याशा ड्रमाची ऊब तशीही बाहेर जाते. माझ्या मते करंटचा खरा उपयोग सोसायटीच्या मोठ्या, झाकलेल्या ढिगात आहे. घरी करायचंच तर बॅटरीवर; २३० व्होल्टची वायर ओल्या ड्रमाजवळ अजिबात नको.

कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेण, पालापाचोळा, मूत्रमाती आणि लाकडाची राख वापरून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली ती आपल्याच शहरात, १९२४ ते १९३१ या काळात. त्यांनी जिथे काम केलं त्या आवारात आज कृषी महाविद्यालय आहे. इंदूरकर म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो. त्यांनी सांगितलेलं पलटणं मात्र आजही चुकत नाही. कोळसा घाला की करंट द्या, ढीग हलवावाच लागतो.

बायोचारचा कोरा चुरा थेट कुंडीत घालू नका. तो मातीतलं नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. आधी ड्रमात मुरू द्या, मग खताबरोबरच जाऊ द्या, चाळून काढू नका. आमच्या मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला असा मुरवलेलाच घातलाय, नवी पालवी हिरवीगार आहे.