पोटमाळ्याखालची बेंच ड्रिल आणि तिच्या झाकणाची दुरुस्ती

भोसरीतील माझ्या गाळ्यात पोटमाळ्याखाली बसवलेली १३ मि.मी. क्षमतेची बेंच ड्रिल मशीन मी दीड वर्ष वापरत आहे. स्पिंडल (फिरणारा दांडा), चक (ड्रिल धरणारा जबडा) आणि टेबल यांविषयी तक्रार नाही, १२ मि.मी.चे भोक पाडतानाही टेबल दबत नाही. मात्र पुल्यांवरचे, म्हणजे ज्या पायऱ्यांच्या चाकांवर पट्ट्याची पायरी बदलून गती बदलतात त्यांवरचे, झाकण उघडण्यासाठी वर किती जागा लागते, ही बाब माहितीपत्रकात छापलेली नव्हती आणि विकत घेताना मीही विचारली नाही.

हे झाकण ४२० मि.मी. लांब असून त्याची बिजागरी मागच्या बाजूला आहे. झाकणाच्या माथ्यापासून पोटमाळ्यापर्यंत २३० मि.मी. जागा असल्यामुळे ते जेमतेम ३५ अंश उघडत असे. एवढ्या फटीतून हात घालून पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नेणे अतिशय त्रासाचे होते, म्हणून पट्टा महिनोन्महिने मधल्या पायरीवर, म्हणजे मिनिटाला १४४० फेऱ्यांवर, राहू लागला. साध्या पोलादासाठी छेदनवेग (ड्रिलची धार धातूवरून सरकण्याचा वेग) मिनिटाला २५ मीटर धरला, तर १२ मि.मी.च्या ड्रिलला सुमारे ६६० फेरे पुरतात आणि ३ मि.मी.च्या ड्रिलला २,६५० लागतात. मोठ्या ड्रिलची धार तापून निळी पडून जाण्याचे कारण ड्रिलचा दर्जा नसून ते न उघडणारे झाकण होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. अनेक ठिकाणी असे झाकण सरळ काढून टाकतात; पण पट्टा पुलीवर चढतो त्या जागी बोट किंवा बाही ओढली जाऊ शकते, म्हणून तो मार्ग मला मुळीच मान्य नव्हता.

मशीनचा प्लग काढून मी बिजागरीचे रिव्हेट हातड्रिलने उडवले आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात १२ मि.मी. व्यासाची उभी दांडी बसवली. पट्टा सैल करण्याचा खटका उजवीकडे असल्यामुळे डावी बाजू निवडणे आवश्यक होते. झाकणाचा पत्रा पातळ असल्याने बुश (दांडीवर सरकणारी नळी) थेट त्यावर न जोडता आतून ३ मि.मी. जाडीची पट्टी लावून बोल्टने आवळला. झाकणाच्या कडा ९० मि.मी. खोल आहेत, त्यामुळे ते आधी साधारण १०० मि.मी. वर उचलावे लागते, मग दांडीभोवती बाजूला फिरवता येते, आणि बुशमधला पेच हाताने आवळला की तिथेच थांबते. यासाठी वरची २३० मि.मी. जागा पुरून उरते.

झाकणाखालचा मायक्रोस्विच मी जागेवरच ठेवला आहे. झाकण उचलताच मोटर बंद होते, हे दोन्ही टोकांच्या गतींवर तपासून घेतले. तरीही पट्टा बदलताना प्लग काढण्याची सवय मी सोडलेली नाही. झाकण बंद राहावे म्हणून पुढच्या बाजूला हाताने फिरवायचा नॉब लावला, परंतु सर्वांत जास्त गतीवर पत्रा खडखडत होता. कडेला रबरी पट्टी चिकटवल्यावर आवाज बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही.

आता पट्टा बदलायला दोन मिनिटे पुरतात आणि तो खरोखर बदलला जातो. ज्यांच्याकडे झाकणाच्या माथ्यावर किमान अर्धा मीटर मोकळी जागा आहे, त्यांनी ही मशीन आहे तशी घ्यावी. जागा कमी असेल, तर दुकानातच झाकण पूर्ण उघडून मशीनच्या तळापासून त्याच्या टोकापर्यंतची उंची टेपने मोजावी आणि त्यात आपल्या बाकाची उंची मिळवून पाहावी.