टू वायर डिकोडर सिस्टिम : अकरा महिने आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या सोसायटीच्या बागेत पाणी सोडणारे ३४ व्हॉल्व्ह आहेत. नऊ इमारतींमधले पट्टे, क्लबहाउसची मागची बाजू आणि गेटजवळचा उतार मिळून अडीच एकरांच्या आसपास हिरवळ. बरीचशी मेक्सिकन गवताची, मुलांच्या खेळायच्या जागी सिलेक्शन वन जातीच्या गवताची. पाणी एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी. या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, जुनं वायरिंग जमिनीत तसंच सोडून आम्ही दोनच तारांवर सगळे व्हॉल्व्ह चालवणारी टू वायर डिकोडर सिस्टिम बसवली. हा अनुभव फेब्रुवारीत लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. मे महिन्यात एक दिला असता, तोही जड हाताने. आता डिसेंबर आहे आणि मी चारवर आलोय.

बागेतलं मला फारसं कळत नाही. टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच केबलच्या खड्ड्यांत. म्हणून हे काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलं.

जुनी पद्धत साधी होती. प्रत्येक व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॉइलला, कंट्रोलरपासून (ठरल्या वेळी व्हॉल्व्ह चालवणाऱ्या डब्यापासून) स्वतःची एक वायर आणि सगळ्यांत मिळून परतीची एक कॉमन. २४ व्होल्ट एसी सोडले की व्हॉल्व्ह उघडतो, काढले की मिटतो. यात बिघडण्यासारखं काही नाही, पण सरासरी दीडशे मीटर अंतर धरलं तरी ३४ व्हॉल्व्हांना पाच किलोमीटरच्या वर वायर लागते, आणि बिल्डरच्या माणसाने ती सगळी एकाच रंगाची टाकली होती. मग फायबरवाले आले, गॅसची पाइपलाइन आली, सीसीटीव्हीवाले आले. दर खोदाईत पाच-सात वायरी तुटायच्या आणि कुठली कुणाची हे कुणालाच सांगता यायचं नाही. शेवटी १३ व्हॉल्व्ह आमचे माळीकाका चेंबरचं झाकण काढून, ब्लीड स्क्रू सैल करून हाताने चालवायचे. ते गावाला गेले की तेरा पट्टे वाळायचे.

टू वायर म्हणजे काय, हे कमिटीला सांगताना मला टेलिफोनच आठवला. टेलिफोनच्या एका जोडीवरून ४८ व्होल्टची बॅटरीही जायची आणि बोलणंही. इथेही दोनच तारा बागभर फिरतात, त्यांवरून वीजही जाते आणि निरोपही. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ एक डिकोडर असतो, त्याला आपला नंबर माहीत असतो. कंट्रोलरने ‘सतरा’ अशी हाक मारली की सतरा नंबरचा डिकोडर आपल्या सोलेनॉइडला वीज देतो, बाकीचे गप्प. फरक एवढाच की टेलिफोनला घरागणिक जोडी वेगळी असायची. इथे सगळा गाव एकाच जोडीवर. त्यामुळे एका घरात ओल शिरली की अख्ख्या गावाचा फोन खरखरतो. हे मी मीटिंगमध्ये बोललो होतो. कुणी मनावर घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही पुरेसं घेतलं नाही.

हंटर, रेन बर्ड, टोरो अशा सगळ्या मोठ्या कंपन्यांचे डिकोडर कंट्रोलर मिळतात. आमचा कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. आम्हाला जो त्रास झाला त्यातला बहुतेक डब्याचा नव्हताच.

खर्च मात्र स्पष्ट सांगतो, कारण कोटेशन बघून मीही दचकलो होतो. एका डिकोडरच्या पैशांत दोन-तीन व्हॉल्व्ह येतात. केबल, कंट्रोलर, चेंबर, मजुरी धरून आकडा सहा लाखांच्या वर गेला. नवीन बाग असेल तर वाचलेल्या तांब्यातून आणि चरातून थोडा भरून निघतो. जुन्या बागेत निघत नाही. आठ-दहा व्हॉल्व्हांच्या बंगल्याच्या बागेसाठी कुणी हे गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा, बहुपदरी वायर टाका आणि सुखी राहा. माझ्या मते वीस-पंचवीस व्हॉल्व्हांच्या पुढेच याचा विचार करावा. दोन, चार, सहा व्हॉल्व्ह चालवणारे डिकोडरही मिळतात. गेटजवळ आमचे चार व्हॉल्व्ह हाताच्या अंतरावर आहेत, तिथे एक चौपदरी घेतला असता तर पैसे वाचले असते. आम्ही सगळे एकेरी घेतले. मे महिन्यानंतर त्याचं वाईट वाटलं नाही.

कामाआधी एक गोष्ट केली, तिचा फायदा झाला. चौतीसही सोलेनॉइड मल्टिमीटरने तपासले. २४ व्होल्ट एसीचा चांगला सोलेनॉइड २० ते ६० ओहमच्या दरम्यान दिसतो. आमच्यातले सहा त्या बाहेर निघाले. ते आधीच बदलले, नाहीतर पुढे नव्या डिकोडरवर नाव आलं असतं. बॅटरीवर चालणाऱ्या कंट्रोलरचे लॅचिंग सोलेनॉइड कुठे बसवलेले असतील तर तेही काढा, आमच्या डिकोडरवर ते चालत नाहीत.

केबलवरून पहिलं भांडण झालं. मॅन्युअलमध्ये पीळ दिलेली लाल-निळी जोडी, थेट जमिनीत पुरायची, १४ गेजची, म्हणजे साधारण दोन चौरस मिलिमीटर. ठेकेदार म्हणाला, “साहेब, घरातली अडीचची वायर कंड्युटमध्ये टाकून देतो, जास्तच जाड आहे की.” जाड आहे, पण पीळ नाही, आणि कंड्युटमध्ये पाणी साचलं की वरचं पीव्हीसी किती वर्षं टिकतं ते मी पाहिलेलं आहे. नको म्हणालो. कंट्रोलरपासून दोन फांद्या काढल्या, एकीवर १९ डिकोडर, दुसरीवर १५. मिळून ६२० मीटर केबल. प्रत्येक चेंबरमध्ये दीड मीटर वायर गुंडाळून जास्तीची ठेवायला लावली, म्हणजे जोड बाहेर काढून मांडीवर घेऊन करता येतो. ठेकेदाराला तो अपव्यय वाटला.

सुरू केलं त्याच दिवशी माळीकाका सांगत आले, “साहेब, बारा लावला तर एकवीस उडतंय.” डिकोडरना नंबर दुकानातच बसून दिले होते आणि वर चिकटवलेले कागद वाटेत सुटले होते. ते तसेच अंदाजाने बसवले गेले. सकाळी फिरायला निघालेल्या दोन आजींना एकवीस नंबरच्या पॉपअप फवाऱ्याने न्हाऊ घातलं, तेव्हा सगळ्या सोसायटीला कळलं की बागेत काहीतरी नवीन आलंय. नंबर दुरुस्त करायला अर्धा दिवस लागला. डिकोडर चेंबरजवळ नेऊन, नकाशा हातात धरून तिथेच नंबर द्या, आणि नंबर अंगावर पक्क्या मार्करने लिहा, कागदावर नको.

फेब्रुवारी ते एप्रिल अगदी छान गेले. कंट्रोलरच्या पडद्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह किती करंट घेतो ते दिसतं. तेवीस नंबरला पाणी येईना तेव्हा करंट ठीक दिसत होता, म्हणजे वीज पोचतेय. व्हॉल्व्ह उघडला तर डायफ्रामखाली, म्हणजे आतल्या रबरी पडद्याखाली, एसटीपीचा गाळ. पूर्वी अशा वेळी आधी वायर खणायला घेतली असती. महिन्यागणिक टक्क्यांत पाणी कमी-जास्त करता येतं, मार्चमध्ये ८० वर ठेवलं आणि एप्रिलमध्ये १०० वर नेलं. मोबाइलवरून चालवायची सोय आहे म्हणतात. पंपरूममध्ये वायफाय पोचत नाही, आणि कुणाचं काही अडलंही नाही.

मग मे महिन्याचा वळीव. दुपारी चारला आभाळ भरून आलं, क्लबहाउसजवळच्या नारळावर वीज पडली आणि संध्याकाळी पहिल्या फांदीच्या टोकाचे दोन डिकोडर मेलेले. ठेकेदाराने हात वर केले, “वीज पडली त्याला कोण काय करणार?” मी मॅन्युअल उघडलं. दर बाराव्या डिकोडरला किंवा दर ३०० मीटरला, जे आधी येईल तिथे अर्थिंग, शिवाय प्रत्येक फांदीच्या शेवटच्या डिकोडरला. म्हणजे आमच्याकडे चार ठिकाणी हवं. होतं फक्त कंट्रोलरपाशी. डिकोडरमधून बाहेर आलेली उघडी तांब्याची तार चक्क कापून टाकली होती, कारण “ती कुठे जोडायची ते कळत नव्हतं”. हे त्याने मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून रागवायचं राहून गेलं.

चारही अर्थिंग मी समोर उभं राहून करून घेतली. रॉड केबलपासून अडीच मीटर लांब, तार केबलला काटकोनात नेलेली. मीटर लावला तर पहिलं रीडिंग ३८ ओहम. दहाच्या आत हवं. आमच्याकडे हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, त्यात नुसता रॉड ठोकून काय होणार? मग जुन्या पद्धतीने खड्डा, कोळसा, मीठ, आणि वर पाणी घालायला पाइप. नऊवर आलं. पुढे सप्टेंबरअखेर परतीच्या पावसात विजा कडाडल्या, डिकोडर एकही गेला नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं.

जुलैची गोष्ट माझ्या आवडीची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक डिकोडर नुसता बसून तीन-चार मिलिअँपिअर खातो. ३४ डिकोडर म्हणजे १२० च्या आसपास. सगळं नीट होतं तेव्हाच मी हा आकडा मोजून कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवला होता : ‘११९’. पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही, रेन सेन्सरने सगळं थांबवलेलं, त्यामुळे काही बिघडलं तरी कुणाला कळणार नाही. पण जोडीवर वीज चालूच असते. दर सोमवारी रीडिंग घ्यायची मला सवय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा ४१० दिसला.

खड्ड्यातला माणूस अशा वेळी खूश होतो. दुसरी फांदी सोडवली, ती एकटी ५३ दाखवत होती, म्हणजे धुतल्या तांदळासारखी. गडबड पहिलीवर. यासाठी मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर लागतो. वायरमनकडचा मोठा क्लॅम्प इथे काही दाखवत नाही. पुतण्याच्या कारखान्यातून एक दिवसासाठी आणला. दहाव्या चेंबरमध्ये एका तारेवर क्लॅम्प लावला, जादा करंट पुढे जातोय. पंधराव्यात लावला, करंट नेहमीसारखा. म्हणजे मधलाच कुठला तरी. बाराव्यात पुढे जातोय. तेराव्यातही पुढे जातोय. चौदाव्या चेंबरचं झाकण काढलं तर आत गुडघाभर पाणी.

माळीकाकांनी तांब्याने पाणी उपसलं. जोड वर आला. ग्रीस भरलेला कनेक्टर होता खरा, पण त्याची नळी नीट मिटलेलीच नव्हती, कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबलीच नव्हती. वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. आतलं तांबं हिरवं पडलेलं. टेप बघून माझं डोकं फिरलं. टेप पाणी बाहेर ठेवत नाही, आत धरून ठेवते. टेलिफोन खात्यात जेली भरलेल्या केबल आल्या तेव्हा जुन्या जॉइंटरांना हेच पटवताना नाकी नऊ आले होते.

हिरवं तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापलं, नवा कनेक्टर लावला, आकडा परत ११९. त्या जास्तीच्या दीड मीटरमुळे हे सगळं खुर्चीवर बसून झालं. मग दोन दिवस घालवून चौतीसही चेंबर उघडले. टेपवाले आणखी पाच जोड निघाले. तेही बदलले, आणि सहा चेंबरच्या तळाशी खडी टाकून पाणी मुरायला वाट केली.

सप्टेंबरमध्ये अपेक्षेप्रमाणे फायबरवाल्यांनी दुसरी फांदी तोडली. तोडलेल्या जागेपुढचे नऊ व्हॉल्व्ह एकदम बंद. पूर्वी अशा तुटण्यात चार दिवस जायचे. या वेळी दोन तारा, लालला लाल, निळ्याला निळी, दोन कनेक्टर आणि एक छोटा चेंबर. तासाभरात पाणी सुरू. सहा लाखांचा हिशेब विचारणारे आमचे खजिनदार तेव्हा खड्ड्याच्या काठावर उभे होते, काही बोलले नाहीत.

घुशींचा बंदोबस्त अजून नीट झालेला नाही. गेटजवळ दोनदा केबलचं वरचं आवरण कुरतडलं, आत पोचल्या नाहीत. तेवढ्या पट्ट्यात केबल जीआय पाइपात घातली आहे. उरलेल्या बागेत घुशींची मर्जी.

पडद्यावर सगळं इंग्रजीत, त्यामुळे माळीकाकांना मी मराठीत एक पानाचा तक्ता करून दिला : कुठलं बटण, कुठला पट्टा, आणि लाल दिवा लागला तर मला फोन. सोमवारचं रीडिंग आता तेच घेतात. मागच्या आठवड्यात १२१ होतं, तर सकाळी सातलाच दारावर टकटक. “साहेब, दोनानं वाढलंय.” दोनाने काही होत नाही हे सांगून त्यांना चहा दिला, आणि ते गेल्यावर जाऊन बघून आलो.

मे महिन्यात मेलेल्या दोन डिकोडरच्या जागी शिलकीतले दोन लावले होते. त्यांच्या बदल्यात नवे मागवून सात आठवडे झाले. पुरवठादार दर शुक्रवारी ‘सोमवारी नक्की’ म्हणतो.