चार्ज कार्ड की क्रेडिट कार्ड: फरक बिल आल्यावर कळतो

दुकानात दोन्ही सारखीच चालतात. पण चार्ज कार्डाचं बिल देय तारखेपर्यंत पूर्ण भरावंच लागतं. १९५० चं डायनर्स क्लब कार्ड याच जातीचं. चुकलं तर विलंब शुल्क लागतं, कार्डही बंद होऊ शकतं. खर्चाची मर्यादा आधी ठरलेली नसते, तरी मोठ्या खरेदीआधी कंपनीला विचारून घ्या. व्यवहार ऐनवेळी नाकारला जाऊ शकतो.

क्रेडिट कार्डाला मर्यादा असते आणि बाकी पुढे ढकलता येते. खरी मेख इथेच आहे. समजा, बिल १०,००० आणि व्याज दरमहा ३ टक्के. किमान रक्कम म्हणून ५०० भरले, तर उरलेल्या ९,५०० वर महिन्याला २८५ व्याज चढतं. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही बहुधा जाते.